किसनकाकांची एक घंटी

रोज सकाळी सात वाजता माझ्या फोनवर एक ओळ येते. गेली तीन वर्षं न चुकता येते. "नवीन : चार. बदललेली : अकरा." वाशीम जिल्ह्यातल्या रक्तदात्यांची एक यादी आहे, आमची, म्हणजे खरं तर किसनकाकांची, आणि आदल्या दिवशी त्या यादीत किती माणसं नव्यानं आली आणि किती जणांची आधीची माहिती बदलली, एवढंच ती ओळ सांगते. त्या मंगळवारी ओळ आली, "नवीन : शून्य. बदललेली : एक." गॅसवर चहाचं आधण होतं. एकच तर आहे, म्हणून उघडून पाहिली. कुणाचं गाव बदललं असेल, कुणी ऊसतोडीला गेलं असेल... नाव होतं किसन महादेव, मेडशी, ए पॉझिटिव्ह. बदल एकाच रकान्यात होता. 'हयात' होतं, तिथं 'मयत' झालं होतं.

मी हसले. खरं सांगते, हसले. वाटलं, कुणाचं तरी बोट भलत्या बटणावर पडलं. आदल्या दुपारीच तर आम्ही बोललो होतो! मी यादी उघडली, 'मयत' काढून पुन्हा 'हयात' केलं, आणि वर्षाला, म्हणजे काकांच्या सुनेला, मेसेज टाकला. मेडशीहून नोंदी तीच भरते. "मामाजींना मारूनच टाकलंस की गं! दुरुस्त केलंय." शेवटी एक हसणारा चेहरा. त्या हसणाऱ्या चेहऱ्याची मला अजून शिसारी येते. अर्ध्या तासानं वर्षाचा फोन आला. ती रडत नव्हती. सपाट आवाजात म्हणाली, "ताई, तुमी ते कायले बदललं? मामाजी खरंच गेले. काल संध्याकाळी स्टँडवर बसले होते, बसल्या जागीच गेले." आधण उकळून उकळून आटलं होतं. तो अर्धा तास काका फक्त माझ्या यादीत जिवंत होते.

मी तिच्यावरच ओरडले. माणसाला धक्का बसला की तो समोरच्यावर ओरडतो, तसं. "अगं, घरात माणूस गेलाय नि तुला यादी सुचते? मला फोन करायचा सोडून?" ती म्हणाली, "कोनाले फोन करा, कोनाले नाई, काईच सुधरत नव्हतं ताई. मामाजीले अंगनात ठेवलं होतं अन् त्याइचाच फोन वाजला. कोनाले तरी ए पॉझिटिव्ह पाह्यजे होतं, अन् यादीत मामाजीचं नाव. मामाजीचाच नियम हाये ना, गेलेल्या मानसाले फोन गेला नाई पाह्यजे. म्हनून केलं." नियम होता खरा. एकदा एक रक्तदाता वारल्यावर महिनाभरानं त्याच्या नंबरावर फोन गेला आणि तो त्याच्या आईनं उचलला. काका त्या बाईच्या घरी जाऊन आले, दोन दिवस जेवले नाहीत, आणि मग हा 'हयात-मयत'चा रकाना त्यांनी माझ्याकडून भांडून करून घेतला. तो रकाना पहिल्यांदा माझ्याच माणसासाठी माझ्या डोळ्यांपुढं बदलेल, हे मला कुठं ठाऊक होतं!

किसनकाका माझे कोणी नात्यातले नव्हते. ते एसटीत कंडक्टर होते. मी किन्हीराजाची. कॉलेजला कारंज्याला जायचे, आणि सकाळची मेडशी-कारंजा गाडी म्हणजे किसनकाका. बारीक अंग, कानावर पेन, खांद्याला चामडी पिशवी, आणि गाडी थांब्यावरून हलली की मागच्या दारापासून पुढं येत एकच प्रश्न : "कोन चढलं नवीन?" गाडीत पाय ठेवायला जागा नसायची. कोण आधीचा, कोण आत्ता चढलेला, देवालाही कळलं नसतं. काकांना कळायचं. माणूस मागच्या सीटवरून उठून पुढं जाऊन बसला तरी त्यांना तो आधीचाच आहे हे कळायचं, आणि माझ्यासारखी चढल्याबरोबर झोपेचं सोंग घेतलेली पोरगीही नवीनच आहे हे कळायचं. एकदा मी विचारलं, काका, तुम्ही ओळखता कसं? तर म्हणाले, "जागा बदलली म्हनजे मानूस नवीन होत नाई, पोरी. अन् त्याच जागेवर दुसरा बसला म्हनजे तो पयला होत नाई. एवढं ज्याले समजत नाई, तो कंडक्टर कायचा?" तेव्हा मी मैत्रिणींकडं बघून फिदीफिदी हसले होते.

तिकिटाबरोबर ते रक्तगटही विचारायचे. फार पूर्वी काकूंना एका दुखण्यात रक्त लागलं होतं. काका ड्युटीवर, गाडी शेलूबाजारला उभी, आणि निरोप आला. गाडीतला एक अनोळखी प्रवासी उतरला, म्हणाला, चला, माझं जमेल बहुतेक. जमलं. काकू त्यातून उठल्या आणि पुढं चांगली बारा वर्षं जगल्या. तो प्रवासी कोण, कुठला, हे विचारायचं काकांच्या गडबडीत राहून गेलं, आणि ही चुटपुट त्यांना जन्मभर पुरली. दुसऱ्या दिवसापासून पिशवीत एक लांबट वही आली. रोजच्या प्रवाशांचं नाव, गाव, जन्मसाल, रक्तगट, फोन. लोक टिंगल करायचे, "किसनभाऊ तिकीट फाडाच्या आंधी नस पाह्यते." काका म्हणायचे, "पाह्यतोच. तुही तर लयच बारीक हाये, खात जाय काई." वहीत खोडाखोड नव्हती. काही बदललं तर जुन्यावर आडवी रेघ आणि शेजारी नवं, म्हणजे खालचं जुनंही वाचता येई.

मी शिकले, पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागले, आणि गावाकडं गेले की कपाळावर आठ्या घालून सगळ्यांना शहाणपण शिकवू लागले. काका रिटायर झाले त्या वर्षी वही घेऊन आमच्या घरी आले. "ज्योते, हे तुह्या मशीनमंदी टाक. मी काई अमरपट्टा घेऊन नाई आलो." दोन सुट्ट्यांत मी यादी उभी केली. दवाखान्यांतल्या ओळखीच्या लोकांना ती फोनवर बघता येई, शिबिरात नाव भरलं की थेट तिच्यात जाई. आमच्या धंद्यात एक सोय असते, तिला अपसर्ट म्हणतात. माहिती आली की डेटाबेसनं बघायचं, हा माणूस आधी आहे का? असेल तर त्याची ओळ बदलायची, नसेल तर नवीन ओळ घालायची. एका हुकमात दोन्ही कामं. आता माणूस आधी आहे की नाही हे ओळखायचं कशावरून? मी म्हटलं, मोबाइल नंबरावरून. प्रत्येकाचा वेगळाच असतो की! पुण्यात असतो. किन्हीराजाच्या, मेडशीच्या घरात एक फोन असतो आणि तो नवरा, बायको, दीर, सासू सगळ्यांचा असतो, हे मी त्याच मातीतली असून विसरले. माझ्या स्वतःच्या कॉलेजच्या फॉर्मवर बाबांचा नंबर होता... तरी विसरले.

मग काय झालं असेल ते सांगायला नको. शिबिरात एखाद्या बाईनं नाव दिलं, घरचा नंबर दिला, की डेटाबेस म्हणे, हा नंबर तर आहे. आणि नवऱ्याची ओळ बदलून तिथं बायकोचं नाव, बायकोचा रक्तगट. नवरा गेला. आवाज नाही, तक्रार नाही, पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'यशस्वी'. काकांचा दर आठवड्याला फोन. "कोन चढलं नवीन?" मी सांगायची, "काका, बावन्न नोंदी यशस्वी." "बावन्न काय? नवीन चढले का आंधीचेच जागा बदलून बसले?" "तसं वेगळं नाही कळत काका, पण सगळं यशस्वी आहे." "मले यशस्वी नको सांगू. बावन्न चढले म्हनतं, तर गाडीत गर्दी काहून वाढून नाई राह्यली?" मला राग यायचा. कंडक्टर माणूस, यांना डेटाबेसमधलं काय कळतं! असं मी तोंडानं म्हणाले नाही, पण माझ्या आवाजात ते असणार. काका म्हणायचे, "बरं. टण टण." फोन ठेवायची ती त्यांची रीत. एसटीत एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला. चला, म्हणजे विषय संपला.

विषय संपला नव्हता. कारंज्यातल्या एका दवाखान्यात बाळंतपणात एका बाईची अवस्था बिकट झाली. ओ निगेटिव्ह हवं होतं. दवाखान्यातल्यांनी यादी पाहिली. जवळपासच्या गावांत ओ निगेटिव्ह एकही नाही. मीही पाहिली, पुण्याहून, ऑफिसात बसून. नाही. मी काकांना फोन करून सांगितलं, नाहीये काका कोणी. ते म्हणाले, "असं कसं नाई? तुह्याच गावचा दत्ता हाये ना." मी म्हटलं, "यादीत दत्ता नाहीये." "वहीत हाये," काका म्हणाले आणि फोन ठेवला, त्या दिवशी टण टण न म्हणता. दत्ता शेतात पाणी धरत होता. तसाच चिखलाच्या पायानं मोटारसायकल काढून कारंज्याला गेला. बाई वाचली, बाळही वाचलं. माझ्या यादीत दत्ताच्या जागी त्याची बायको होती, बी पॉझिटिव्ह. तिनं चार महिन्यांपूर्वी हौसेनं नाव दिलं होतं, आणि मी त्यावर 'यशस्वी' लिहिलं होतं. वही नसती तर? हा प्रश्न मी आजही पुरता विचारत नाही, अर्ध्यावर सोडून देते.

मी रजा टाकून मेडशीला गेले. वाटलं, काका चांगली खरडपट्टी काढतील. त्यांनी आधी जेवायला वाढायला लावलं. मग म्हणाले, "भैताड पोरगी! बायको नवऱ्याच्या सीटवर बसली, अन् तू नवऱ्याले चालत्या गाडीतून खाली टाकलं." मी रडले. तर म्हणाले, "रडून काय होते? वही हाये ना. पुन्ना चढवू सगळ्याइले." लागोपाठ चार रविवार आम्ही त्यांच्या पडवीत बसलो. काका वहीतून नावं वाचायचे, वर्षा कॉम्प्युटरवर भरायची, मी शेजारी. ओळख आता नुसत्या नंबरावर नाही. नाव, जन्मसाल आणि नंबर तिन्ही जुळले तरच तो आधीचा. आणि मी काकांना सांगितलं, की डेटाबेसला नीट विचारलं तर तो प्रत्येक ओळीमागं एक आकडा देतो. नवीन ओळ घातली तर एक. आधीची बदलली तर दोन. तीच माहिती पुन्हा आली, काहीच बदललं नाही, तर शून्य. पण मी पन्नास-पन्नास ओळी एकदम ढकलत होते, मग सगळ्यांची बेरीज यायची. बेरीज तीन आली, तर तीन नवीन की एक नवीन आणि एक बदललेली? कप्पाळ कळणार! म्हणून आता एकेक ओळ टाकायची आणि एकेक आकडा बघायचा.

काका माझ्याकडं बघतच राहिले. "एक म्हनजे नवीन, दोन म्हनजे आंधीचा?" मी हो म्हटलं. उठले, आत गेले, आणि एक लहानशी पितळी घंटी घेऊन आले. देव्हाऱ्यातली नव्हे, भंगारात निघालेल्या गाडीची, रिटायर होताना मागून आणलेली. कॉम्प्युटरच्या वर खुंटीला अडकवली, तिला सुतळी बांधली. "एक घंटी, थांबा, मानूस चढून राह्यला. दोन घंट्या, आंधीचेच हाये, चला. बापा रे, तुह्या मशीनले एसटीचा कायदा ठाऊक हाये, अन् तू मले सांगतं का वेगळं नाई समजत!" आणि शून्य आलं तर? वर्षानं विचारलं. "तो झोपलेला पासवाला. त्याले उठवू नको." चार रविवार मेडशीच्या त्या पडवीत टण आणि टण टण चालू होतं. शेजारपाजारचे डोकावून जायचे. माझ्या यादीनं पुसलेली एकशे सदतीस माणसं, एकेक घंटीनं परत चढली. दत्ताची घंटी काकांनी स्वतः ओढली आणि त्याला फोन करून ऐकवली. त्याला बिचाऱ्याला काहीच कळलं नाही, तो म्हणे, काका, पूजा हाये काय?

वर्षाला चढवायचं मात्र राहत होतं. तिला रक्तदान करायचं होतं आणि प्रत्येक शिबिरात हिमोग्लोबिन कमी म्हणून तिला परत पाठवत. तीनदा झालं. काकांनी ते फारच मनावर घेतलं होतं. सुनेला समोर बसवून गूळ-शेंगदाण्याचे लाडू खायला लावायचे, हातानं पालक निवडायचे. "माह्या घरचीच सवारी स्टँडवर उभी हाये, अन् मी लोकाइले चढवून राह्यलो," असं म्हणायचे. बायकांनी सगळ्यांना वाढून शेवटी उरलेलं खायचं, ही रीत त्यांनी त्या घरात मोडली, तीही या यादीपायी. शेवटच्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला तो यासाठीच असावा. मी मीटिंगमध्ये होते. "कोन चढलं नवीन?" मी दबक्या आवाजात म्हटलं, "काका, नंतर बोलते हं, संध्याकाळी." "बरं, बरं. एक गोष्ट सांगाची होती, पन... ऱ्हाऊ दे. टण टण." संध्याकाळी मी फोन केला नाही. विसरले. संध्याकाळी ते स्टँडवर जाऊन बसले, रोजच्यासारखे, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत. धडधाकट माणूस, बासष्ट वर्षांचा, छातीत दुखतं अशी एका शब्दाची तक्रार नाही, आणि गाडी लागल्यावर एकानं हाक मारली, किसनभाऊ, तर मान हलली नाही. अजून माझा यावर विश्वास बसत नाही. सहा आठवडे झाले. लोक म्हणतात, बरं मरण आलं, हाल नाहीत. असेल. मला असं वाटतं, कुणीतरी भलतंच बटण दाबलंय.

मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. पडवीत घंटी तशीच. मी हात लावला नाही. काकांची ओळ पुन्हा 'मयत' करायची होती, ती वर्षानं माझ्याकडून करून घेतली. "तुमीच बदललं होतं, तुमीच करा," म्हणाली. बरोबरच होतं. दोन आलं. घंटी ओढायची कुणाचीच हिंमत झाली नाही.

परवा रविवारी तिचा फोन आला. काकांच्याच फोनवरून, तो आता तीच वापरते, तिचा स्वतःचा बिघडलाय, घरात चालू तेवढाच एक आहे. म्हणाली, "ताई, बारा पॉइंट आठ आलं. या बारीनं शिबिरात घेतलं माह्यं रक्त." मग म्हणाली, अजून एक सांगायचं होतं. मी म्हटलं, काय गं? "मामाजी जायच्या आदल्या दिवशीच तपासलं होतं, तवाच बरं आलं होतं. तुमाले सांगतो म्हने, ज्योतीले मीच सांगतो." ऱ्हाऊ दे, म्हणाले होते ते हेच. "ताई, एक इचारू? माह्यं नाव यादीत टाकाचं हाये. पन नंबर मामाजीचा हाये. तो टाकला तर... मामाजी पुसून जातीन काय? दत्ताभाऊवानी? तसं असन तर मी नाव नाई टाकत. दुसरा फोन घेईन मंग कवातरी."

नाही पुसणार, असं मी म्हणायला हवं होतं. मीच तर दुरुस्त केलंय, तीन वर्षं रोज चालतंय, हजारदा तपासलंय. पण या यादीनं माझ्या हातून एकदा एकशे सदतीस माणसं पुसली. एकदा मेलेल्या माणसाला मी अर्धा तास खोटं जिवंत ठेवलं. आता आणखी एक चूक झाली, तर त्या माणसाची जगात होती तेवढी ओळही जाईल, आणि तीही त्याच्या लाडक्या सुनेच्या हातून. तरी म्हटलं, "टाक. आत्ताच टाक. मी फोनवर आहे. आकडा आला की सांगू नको, घंटी ओढ."

तिनं फोन टेबलावर ठेवला. बटणांचा आवाज येत राहिला, हळूहळू, एकेक अक्षर. वर्षा. मेडशी. जन्मसाल. मग नंबर, तो मला पाठ आहे, मी मनात तिच्याबरोबर म्हणत होते. मग सगळं शांत. बाहेर कुठंतरी गाडी रिव्हर्स घेत होती... आणि टण.

मी फोन कानाला घट्ट धरून दुसरीची वाट पाहत राहिले. दुसरी वाजली नाही.